टाळ्या वाजल्या की चिडणारी मुलगी

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच आठवडा होता. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गावर माझा गणिताचा तास चालू होता... आणि तनुजाने फळ्यावर एक अवघड उदाहरण झटक्यात सोडवलं.

(तनुजा हे तिचं खरं नाव नाही. आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय.)

मी एकदम खूश! "वाजवा रे टाळ्या हिच्यासाठी," म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि या बाईसाहेबांनी तळहाताने सगळं गणित पुसलं, डस्टर उचलून खिडकीवर भिरकावलं आणि वर्गाबाहेर निघून गेल्या!

काच फुटली. तुकडे एका मुलीच्या पायाशी पडले... तिला लागलं नाही, हेच नशीब.

तनुजा तशी शाळेत प्रसिद्धच. बाक ढकलून देणं, कागद फाडणं, तासातून उठून जाणं. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल दोनच मतं होती, लाडाने बिघडलीय किंवा मुळातच आगाऊ आहे.

आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले आहेत. पण त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आणखी एकदा असं झालं तर तिच्या घरच्यांना दुसरी शाळा बघायला सांगावं लागेल. बाकीच्या लेकरांची जबाबदारीही माझ्यावरच आहे."

त्यांचं चूक नव्हतं. पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. तिला कुणी रागावलं नव्हतं, कुणी चिडवलं नव्हतं... टाळ्यांचा राग कुणाला येतो?

माझी एक मैत्रीण अमरावतीला समुपदेशक आहे. तिला फोन केला. मुलीला न भेटता काहीही सांगायला तिने साफ नकार दिला. म्हणाली, "घरच्यांशी बोल आणि तिला माझ्याकडे घेऊन यायला सांग. तोवर एक कर. ती काय फेकते, काय मोडते ते सोड. त्याच्या आधी काय घडलं, तेवढं बघत जा."

मग मी बघत राहिले. खरं सांगते, हळूहळू मलाच उत्सुकता लागली.

कुणी रागावलं तर ही मान खाली घालून मुकाट ऐकायची. मुलींनी चिडवलं तरी दुर्लक्ष. पण मराठीच्या सरांनी तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला, तर तिने पानं टराटरा फाडली. कबड्डीत तिला कॅप्टन केलं, तर मैदान सोडून निघून गेली.

म्हणजे दर वेळी आधी कौतुक... आणि मग स्फोट!

शेवटी मी तिलाच विचारायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीपाशी एकटीच उभी होती. "असं का केलंस?" हे तिला सगळेच विचारतात, म्हणून ते टाळलं. "तुला चांगलं म्हटलेलं आवडत नाही का गं?" एवढंच विचारलं.

ती नळ उघड-बंद करू लागली. मग म्हणाली, "आवडते न मॅडम. पण मले भेव लागते."

"कशाचं?"

"तुमी सगळ्याईसमोर हुशार म्हणता. उद्या मले नाई आलं त? मंग सारे हासतीन... त्याच्यापेक्षा मीच पुसून टाकते."

बारा वर्षांचं लेकरू, आणि पोटात केवढी भीती घेऊन रोज शाळेत येत होतं...

पुढे आई-वडील तिला अमरावतीला घेऊन गेले. मैत्रिणीने नीट तपासलं, डॉक्टरांनाही दाखवलं. तिची भीती रागाच्या वाटेने बाहेर पडते, हे आम्हाला समजावून सांगितलं.

मुख्याध्यापकांनीही "बघू" म्हणत वेळ दिला. आता सगळ्या शिक्षकांचं ठरलंय, तिच्यासाठी टाळ्या नाहीत. उदाहरण बरोबर आलं की जाता जाता हळूच सांगायचं, "ही पायरी छान केलीस." आणि छातीत धडधडायला लागलं, तर तिने न विचारता व्हरांड्यात जाऊन बसायचं.

जादू वगैरे काही झाली नाही हं. मध्ये एकदा पुन्हा बाक ढकललाच. पण एके दिवशी हातात उचललेला कंपास तिने खाली ठेवला आणि गुपचूप व्हरांड्यात गेली... मला तर नाचावंसं वाटलं!

परवा तिच्या आईला शाळेत बोलावलं. संत्री निवडायचं काम अर्धवट टाकून धावतच आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच, "आता काय मोडलं इनं?"

"काही नाही हो. वर्गातल्या एका मुलीला अपूर्णांक जमत नव्हते. तनुजा तिला रोज शिकवते... आणि फार छान शिकवते."

"मंग मले बलावलं काहून?"

"हेच सांगायला."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आणखी एक डाव सांगा न."

मी पुन्हा सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, तनुजा दारात उभी राहून सगळं ऐकतेय. कौतुक ऐकलं, आता ही पळणार, असं वाटलं... चौकट तिने घट्ट धरली होती.

पण ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माय, बस झालं न आता... चाल घरी."

दोघी गेल्या. मी मात्र विचार करत बसले... इतक्या वर्षांत नुसतं चांगलं सांगायला मी किती आयांना शाळेत बोलावलं असेल? आता बोलावणार आहे. आणि ज्या मुलीने एवढा विश्वास टाकून मला आपली भीती सांगितली, तिचे मनापासून आभार!