मुहूर्ताचा फोन

फोनच्या दोन तारा उलट्या जोडल्या की एक गंमत होते. रिसीव्हर उचलला की टोन येतो, बाहेरून फोन आला तर घंटी वाजते, बोलणंही होतं. फक्त बटणं मुकी होतात. नंबर दाबत बसा, टोन तसाच कानात घोंघावत राहतो. जुन्या फोनांना ही खोड होती. कंपनीत ती दोघांनाच ठाऊक होती. एक मी, कारण फोनची देखभाल माझ्याकडे होती; आणि दुसऱ्या आमच्या ऑपरेटर बाई.

बाईंना नवरा वारल्यावर ही खुर्ची मिळाली होती आणि बारा वर्षं त्यांनी ती जिवापाड सांभाळली. सगळे नंबर तोंडपाठ. ऑफिस भर शहरातल्या गुलमंडीतून गावाबाहेर शेंद्र्याला हललं तेव्हा बाकीचे लांब पडतं म्हणून कुरकुरत होते. बाई मात्र नव्या टेबलासाठी घरून विणलेलं कापड घेऊन आल्या.

मालकांनी फर्निचर नवं केलं, फोन जुनेच उचलून आणले. वायरिंगला मला उद्घाटनाच्या पूजेआधीचा अर्धा दिवस मिळाला. त्यातही पूजेच्या चौरंगाला जागा हवी म्हणून टेबल दोनदा हलवलं. घाईत मी तारा कशातरी कोंबल्या, टोन आला तसं झाकण लावलं. एक नंबर लावून बघितला असता तर तिथंच कळलं असतं. पण मालकांचा दंडक होता, मुहूर्ताआधी नव्या जागेतून एकही फोन जायचा नाही. पहिला फोन पूजेनंतर, जालन्याच्या थोरल्या भावाला.

नारळ फुटला. बाई रोजच्यासारख्या खुर्चीत बसल्या, नंबर दाबला. टोन तुटेना. पुन्हा दाबला. पन्नास माणसं हात जोडून उभी, आणि खोलीत नुसतं ते टोनचं घोंघावणं.

"साहेब, तारा उलट्या लागल्यात," बाई म्हणाल्या. "लई वेळा बघितलंय मी. भाऊंना जरा बघू द्या."

भाऊ म्हणजे मी. पन्नास माणसांदेखत एका ऑपरेटरनं माझ्या कामात खोट काढली, हे माझ्या डोक्यात गेलं. मालकांनी विचारलं, "काय रे, तुझा घोळ हाय का?"

"नाय साहेब. लाइन चालू आहे, टोन येतोय की. ऐका तुम्हीच."

मालकांनी ऐकलं. टोन येत होता. मग मालकांची आई पुढं आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अरे, आजच्या दिवशी हिला कशाला बसवलं तिथं? घरात सून हाय ना?"

बाई उठल्या. पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन चपलांपाशी उभ्या राहिल्या. सगळे प्रसादाला वळले तसा मी टेबलाखाली शिरलो, झाकण काढलं, दोन तारांची अदलाबदल केली. मिनिटभराचं काम. सूनबाई खुर्चीत बसल्या, मेंदीच्या बोटांनी नंबर दाबला आणि जालन्याला घंटी वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि जोरात वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंना मागच्या गोदामात बसवलं, खोकी मोजायला. खुर्चीत नवी मुलगी आली. मालक बाईंवर ओरडले नाहीत, की पगारही कमी केला नाही. इतक्या सभ्यपणे माणूस उचलून बाजूला ठेवता येतो, हे मी तेव्हा शिकलो. मधे एकदा जिन्यात बाईंनी मला गाठलं. हळूच विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तारा उलट्याच होत्या ना?"

मी म्हणालो, "नाय हो बाई. तारा बरोबर होत्या."

लाज वाटली असती तर खरं बोललो असतो. मला भीती वाटली, आणि तिच्या मागं थोडी मजाही वाटली. बाईंचं बरोबर होतं, हे फक्त मला माहीत होतं. तो माज होता, दुसरं काही नाही.

पाच-सहा महिन्यांनी गोदामात फोन बसवायचा हुकूम आला. या वेळी मी रंग बघून तारा जोडल्या. रिसीव्हर बाईंपुढं धरला. "ऑफिसचा नंबर दाबून बघा, म्हणजे माझं काम झालं."

बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. दाराशी खोकी उतरवणाऱ्या हमालाला हाक मारली, "या इकडं, तुम्ही दाबा आधी." मग माझ्याकडं वळून, समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "माझा हात लागला की अडतं, भाऊ. त्या दिवशी तुमच्यासमोरच नाय का झालं."

हमालानं हात पुसले आणि नंबर दाबला. फोन लागला. बाईंच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी कामाचा कागद पुढं केला, त्यांनी सही केली, आणि मी परत ऑफिसात गेलो.