सुरण खाणारा मी आणि माझा ‘कंट्रोल’

“मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यावर मी म्हणालो, “पण मी तर सुरण खातोय.”

शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा निदान मीच करून टाकलं होतं: मूळव्याध. मग त्यावर उतारा म्हणून पेणच्या बाजारातला सुरण महिनोन्‌महिने आमच्याच घरी. बायको म्हणायची, “अहो, दाखवून तरी या.” पण निम्म्या पेणचा मी मास्तर. असली जागा दाखवायची कुणाला?

शेवटी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मागच्या वाटेने कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघतात. गुंगी देतात, त्यामुळे लाजायला आपण शुद्धीवर नसतो. “आधी आला असतात तर कदाचित केमो टळली असती,” डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर केमो चालू असताना एक संशोधक मॅडम भेटल्या. कॅन्सरचे रुग्ण आणि त्याच वयाची, त्याच भागातली, हा आजार नसलेली माणसं, यांच्या सवयींची त्या तुलना करत होत्या. त्या निरोगी माणसाला म्हणतात ‘कंट्रोल’. मी लगेच रोह्याच्या साडूचं, बाळारामचं नाव सुचवलं.

बाळाराम कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेला. बिडी, मटण, रविवारी बाटली. मी शाकाहारी, निर्व्यसनी, रोज पहाटे चालणारा. मग मलाच का? मला भारी उत्सुकता.

मॅडम त्याच्या घरी गेल्या, सोबत मीही. “तुम्ही बाहेर बसा,” त्या म्हणाल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरलो आणि दाराआड उभा राहिलो.

बिडी? “हाय.” दारू? “हाय.” मी मनात त्याला नापास करत होतो.

“शौचातून कधी रक्त गेलं?”

“व्हय, दोन वर्सां झाली. दुसऱ्या दिवशीच डॉक्टर गाठला. पॉलिप निघाला, काढून टाकला.”

पॉलिप म्हणजे आतड्यात आलेला मांसाचा कोंब. कधीकधी त्याचाच पुढे कॅन्सर होतो.

मी दाराआडून बाहेरच आलो. “अरे, मला बोलला का नाहीस?”

“तुमाला?” बाळाराम म्हणाला. “माझ्या हर्नियाचा किस्सा तुम्ही माझ्याच पोरीच्या लग्नात भर पंगतीत सांगितलात, मास्तर. व्याही जेवायचा थांबून हसत व्हता.”

मी मॅडमकडे वळून विचारलं, “मग आमच्यात फरक काय निघाला?”

“दोन माणसांवरून काही ठरत नाही, सर. शेकडो लागतात. आणि बाळारामकाका, बिडी चांगली असं समजू नका.”

शेकड्यांचं त्या बघतील. माझ्यापुरतं मला कळलं. तो बोलला असता, तर मीही वेळेवर गेलो असतो. माझ्याच तोंडाला भिऊन तो गप्प बसला.

केमो संपली, शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. आता पंगतीत मी स्वतःचाच किस्सा सांगतो, नळीसकट. लोक हसतात. मग हात धुताना एखादा जवळ सरकतो नि हळूच विचारतो, “मास्तर, तुम्हाला सुरुवात कशी झाली हो?”

“उद्या सकाळी मोकळा आहेस ना?” मी म्हणतो. “डॉक्टरकडे मी येतो बरोबर. कुणाला कळणार नाही.”