बाईसाहेबांचे भिंतीवरचे म्हातारे

आमच्या बाईसाहेब कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माणूस निर्णय कसे घेतो आणि घेताना कुठे माती खातो, हा त्यांचा खास विषय. घरातल्या त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर या विषयातल्या थोर माणसांचे फोटो चिकटवलेले आहेत. ती त्यांना ‘माझे म्हातारे’ म्हणते. मी चष्मेवाला. पण इतकी वर्षं जेवताना या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून मीही अर्धामुर्धा पदवीधर झालोय.

त्यातला एक म्हणायचा, माणूस सगळ्यात चांगलं शोधत बसत नाही, चालण्यासारखं मिळालं की थांबतो. “मला होकार दिलास तेव्हा असंच झालं का?” असं मी विचारलं, तर म्हणते, “उदाहरण चांगलं आहे, वर्गात सांगेन.” दुसरे दोघे जिवलग मित्र. दार लावून तासन्तास माणसांच्या चुकांवर, आधी स्वतःच्याच, हसत बसायचे. लेखावर कुणाचं नाव पहिलं, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं होतं.

तिचा सगळ्यात लाडका म्हातारा मात्र वेगळा. त्याने लोकांना तीन आकडे दिले, दोन, चार, सहा, आणि म्हणाला, माझ्या मनातला नियम ओळखा. लोक विचारायचे, आठ-दहा-बारा चालेल? तो हो म्हणायचा. लोक खूश, दोन-दोनने वाढवायचे हाच नियम असं धरून. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. आपला अंदाज मोडून बघावा, पाच-तीन-एक विचारावं, हे फार थोड्यांना सुचलं. “तुम्हाला खोटं पाडेल तो आकडा आधी विचारा,” असं ती दरवर्षी वर्गात सांगते. मुलं टाळ्या वाजवतात म्हणे.

तर, तिची आई आमच्याकडेच असते. सासूबाई टेलिफोन ऑफिसात होत्या, उभा जन्म कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडण्यात गेला. बेरकी बाई. पत्त्यांत मला एकदाही जिंकू दिलं नाही.

एके दिवशी त्यांनी बाथरूमचा नळ चालू ठेवला आणि पाणी पार बाहेरच्या खोलीत आलं. हिचा चेहरा पडला. हिच्या मोठ्या मावशीला शेवटी पोटची मुलंही ओळखू येईनात, ते हिने जवळून पाहिलेलं. म्हणाली, “आईचंही तसंच सुरू झालंय.” मग कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि सासूबाई शेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत होत्या. कुरिअरवाला बेल वाजवून कंटाळून गेला, त्या घरातच. चारचौघांत गप्प बसायला लागल्या, भलत्याच जागी हसायला लागल्या. प्रत्येक वेळी ही माझ्याकडे बघायची, म्हटलं नव्हतं मी? आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचो. मलाही दुसरं काही सुचलं नाही, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही.

डॉक्टरकडे नेलं. ते संगणकाकडे बघत प्रश्न विचारायचे, सासूबाई गप्प, उत्तरं ही द्यायची. गोळ्या सुरू झाल्या, सासूबाई दिवसभर पेंगायला लागल्या. ते पेंगणंही हिने आजाराच्याच खात्यात जमा केलं. मग गॅसची बटणं काढून पर्समध्ये घालून ही कॉलेजात जायला लागली. सासूबाईंना स्वतःचा चहासुद्धा करता येईना. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. “बघ, तिला काही वाटतच नाही,” असं ही म्हणाली. शेवटी एका वृद्धाश्रमात खोली ठरली. जायच्या आधी निदान चष्मा तरी नवा करून देऊ, म्हणून मी त्यांना दुकानात आणलं.

पुढचं जे झालं त्यात माझी अक्कल शून्य. सासूबाई तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या. मी त्यांच्या मागे उभा राहून विचारलं, “खालची ओळ दिसते का?” उत्तर नाही. मी वळलो आणि माझ्या कोपराचा धक्का लागून भिंगांचा अख्खा पत्र्याचा ट्रे फरशीवर आदळला. समोरच्या दुकानातला न्हावी हातात कात्री घेऊन धावत आला. सासूबाई शांतपणे तक्त्याकडे बघत बसल्या होत्या.

मी पुढे जाऊन, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, हळूच म्हणालो, “आई, खालची ओळ?” त्यांनी खालची ओळ घडाघडा वाचली.

नळ, कुकर, बेल. दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं कुसळ शोधण्यावर मी पोट भरतो आणि हे मुसळ घरात आडवं पडलं होतं.

संध्याकाळी हिला सांगितलं. मला वाटलं, वाद घालेल. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मी एकदाही तिच्या मागे उभं राहून हाक मारून पाहिली नाही रे. एकदाही नाही. काय तोंडाने शिकवते मी?” दुसऱ्या दिवशी तिने टेबल ओढून खिडकीकडे वळवलं. त्या म्हाताऱ्यांच्या समोर तिला बसवेना.

कानाचे डॉक्टर झाले, ऐकायची यंत्रं आली, गोळ्या बंद झाल्या, वृद्धाश्रमाला ‘खोली नको’ असं कळवलं. यंत्रं लावून घरी येताना सासूबाई रिक्षात म्हणाल्या, “कान गेलेत हे मला कळलं होतं गं. सांगणारच होते. पण त्या दिवशी तू डॉक्टरला म्हणालीस, हिचं डोकं चालत नाही. बाकी काही ऐकू आलं नाही, पण तुझ्या ओठांवरून तेवढं समजलं. म्हटलं, हिचा तर अभ्यासच तो, हिचं कसं चुकेल? मग मीच माझ्यावर भरवसा ठेवायचं सोडलं.”

हिला रिक्षातल्या रिक्षात मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. ही मागून गेली. पर्समधून बटणं काढून एकेक गॅसला बसवताना, आईकडे पाठ करूनच बोलायला लागली. चुकलं आई. शिकलेली असून चुकलं. तुला विचारायला हवं होतं, मी तुझ्याबद्दल दुसऱ्यांनाच सांगत बसले. तुला तुझ्याच घरात परकं केलं. मी दारात उभा होतो. इतक्या वर्षांत मी हिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलून संपल्यावर ती वाट बघत तशीच उभी राहिली.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मग माझं लक्ष ओट्याकडे गेलं. दोन्ही यंत्रं साखरेच्या डब्याशेजारी काढून ठेवलेली होती.

हिनेही ती पाहिली. सासूबाईंनी सावकाश एकेक करून ती कानांत बसवली आणि म्हणाल्या, “काहीतरी बोलत होतीस ना? पुढे ये. माझ्याकडे बघून सांग.”

ही पुढे गेली, खुर्चीसमोर खाली बसली, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला लागली.