गिरणीवाल्या हौसाक्का

हौसाक्का नव्या मुलीला तिचं नाव कधी आधी विचारत नसत. राजारामपुरीत आमच्या मुलींच्या वसतिगृहासमोरच त्यांची पिठाची गिरणी होती. एखादी मुलगी ट्रंक घेऊन रिक्षातून उतरली, की पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून त्या तिथूनच ओरडत, "जेवलीस काय गं?"

सत्तरच्या दशकात मी त्या वसतिगृहाची रेक्टर होते. मानसशास्त्र घेऊन एम. ए. झालेली. तरी मुली रडायला जात त्या गिरणीत. हौसाक्कांनी सगळी गल्ली कामाला लावली होती. दर रविवारी घरटी एक नवी मुलगी जेवायला. "चार भाकरी थापतोयच की आम्ही, पाचवी काय जड हाय?" माझ्या टेबलापुढे मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या मुली तिकडे खिदळताना ऐकू आल्या, की मी नुसती धुमसत बसे.

एका जूनमध्ये मी सूचना लावली, परवानगीशिवाय कुणी बाहेर जेवायला जाऊ नये. कारण लिहिलं 'शिस्त'. खरं कारण मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मुरगूडची शालन भर दुपारी नाहीशी झाली. वर्गात इंग्रजी वाचताना अडखळली, सगळे हसले, एवढंच घडलं होतं. मी घाबरून फाटकात उभी होते, तोच हौसाक्का तिला हाताला धरून आल्या. ती पिशवी घेऊन जाताना दिसली, तशा त्या गिरणी बंद करून थेट एसटी स्टँडवर गेल्या होत्या आणि मुरगूडच्या गाडीतून तिला उतरवून घेतलं होतं.

शालन माझ्या गळ्यात पडली. "बाई, तुमीच आक्कांस्नी पाठवलं व्हय?"

मी हौसाक्कांकडे पाहिलं. शालनच्या पाठीमागून त्यांनी मला डोळ्यांनीच 'हो म्हणा' असं खुणावलं. मी "हो" म्हणाले.

संध्याकाळी मी ती सूचना काढून टाकली. मत्सर मात्र गेला नाही. उलट आता त्यांच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटू लागला.

काही वर्षांनी त्या गिरणी विकून शिरोलीला मुलाकडे राहायला निघाल्या. टेम्पोत सामान चढत होतं. मी जवळ जाऊन सांगून टाकलं, "अक्का, मी तुमच्यावर फार जळत होते."

"ठावं हाय की मला," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "पोरींवर जीव नसता तर कशाला जळला असतासा, बाई?"