घोड्यामागून आलेला सरदार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यासारखंच आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. तुम्ही आमच्या बेळगावजवळच्या शहापूरचे नाही, आमच्या बोळातले नाही, आक्काला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. कदाचित एवढंच पुरत असेल.

पण थांबा. आधी नाटकांचं सांगतो. त्याशिवाय माझी जीभ सुटायची नाही.

आमच्या घरी माग होते. आप्पा विणायचे, मी विणायचो, आणि आक्का — माझी थोरली बहीण — रहाटावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची. साड्यांचे गठ्ठे घेऊन मला अधूनमधून मुंबईला जावं लागे. पुण्याला गाडी बदलून, अंग आंबवून पोचायचो, आणि काम एका सकाळीच आटपायचं. तरी मी दोन दिवस राहायचो. घरी येऊन आप्पांना सांगायचो, व्यापारी भेटलाच नाही. हा काही कबूल करण्याजोगा गुन्हा नव्हे. हा सोडून द्या.

राहायचो ते नाटकांसाठी. बोलपट आले तशा नाटक कंपन्या एकेक करून बसल्या, आणि बसल्यावर लोकांना त्यांची आठवण यायला लागली — आपल्या लोकांचं असंच असतं. गिरगावात जुनी संगीत नाटकं नव्यानं उभी राहत होती. आप्पांच्या वेळेला मिशा काढलेले पुरुष ज्या नायिका व्हायचे, त्या आता खऱ्या बायका करत होत्या. माझ्या शेजारी बसलेले म्हातारे म्हणायचे, पूर्वीची मजा नाही. म्हणायचे, आणि ऑर्गनचा पहिला सूर निघाला की तेच आधी डोळे पुसायचे. मीही त्यांतलाच. नाटक म्हटलं की मला तहानभूक नाही.

आणि घरी आलो की नाटक सांगायचं, हा आमचा रिवाज झाला होता. संध्याकाळी माग थांबले की बोळातली माणसं आमच्या कट्ट्यावर जमत. राजा मीच, दासी मीच, मधूनच पेटीवालाही मीच. गळा बरा होता — निदान शहापुरापुरता तरी. आक्का दाराच्या आत, उंबऱ्याशी, रहाट हळूहळू फिरवत ऐकायची.

तिनं जन्मात एक नाटक पाहिलेलं नव्हतं. कसं पाहणार? लग्नाला दोन दिवाळ्याही झाल्या नव्हत्या, तोवर नवरा प्लेगात गेला. कोऱ्या कपाळानं माहेरी आली तेव्हा मी रांगत होतो, आणि आई नव्हती. तिनं मला उचलून कडेवर घेतलं. बायको म्हणायची, ते पोर आक्कानं अजून खाली ठेवलेलं नाही. खोटं नव्हतं ते. मी तीन पोरांचा बाप झालो तरी मुंबईहून आलो की आक्का आधी माझ्या हातावर गूळ ठेवायची.

एकदा मी सांगितलं, की पद आवडलं तर मुंबईचे लोक 'वन्समोअर' म्हणून ओरडतात, आणि मग नटाला ते पहिल्यापासून म्हणावं लागतं. तिला याची फार गंमत वाटली. "पुन्ना तेच? आन त्यो म्हंतोय?" त्या दिवसापासून माझं एखादं पद जमलं की उंबऱ्याच्या आतून बारीक आवाज यायचा — वन्समोर. पदर तोंडाला लावून, लाजत. बाहेरची माणसं हसायची आणि मी फुगायचो.

आता त्या नाटकाकडे येतो. म्हणजे यायला हवंच.

लढाईवर गेलेल्या एका सरदाराची बायको. सगळे सांगतात, सरदार पडला. ती ऐकत नाही. ठसठशीत कुंकू लावून रोज वेशीवर जाते. शेवटच्या अंकात सरदाराचा घोडा येतो — एकटाच. ती घोड्याच्या मानेला मिठी मारते, मग आपल्या हातानं कुंकू पुसते आणि पद म्हणते. पडदा.

मुंबईत त्या पदाला वन्समोअर आला. विंगेतून कुणीतरी करंडा पुढे केला. त्या बाईनं पाठ फिरवून पुन्हा कुंकू लावलं, वळली, आणि पुन्हा पुसलं. लोक ऐकेनात. तिसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा पुसलं. ओरडणाऱ्यांत मी होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं वन्समोअर. घरी कोण बसलंय, याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

ती झाली ती घरी, कट्ट्यावर. सांगत सांगत घोड्यापर्यंत आलो आणि सहज आत नजर गेली. रहाट थांबला होता. आक्का उंबऱ्यावर पुढे सरकून बसली होती. कपाळ तसंच, कोरं.

"मग रं?" तिनं विचारलं.

"मग घोडा आला," मी म्हणालो, "आन घोड्यामागनं सरदार आला. लंगडत — पन आला."

असं कसं तोंडातून निघून गेलं? पण गेलं. दुसऱ्याच एका नाटकाची चाल घेऊन मी तिथल्या तिथे एक पदही जुळवलं. कट्ट्यावर वा वा झालं. आत रहाट पुन्हा फिरायला लागला.

इथवर मला लाज नाही वाटत. खोटं होतं, पण मायेचं होतं, असं म्हणता येईल. ती गोष्ट मग आक्काचीच झाली. जेवताना म्हणायची, सरदाराचं सांग. कांड्या भरायला शिकायला येणाऱ्या पोरींना तीच सांगायची. लंगडणं तर असं करून दाखवायची, की पोरी लोळायच्या. तिला इतकं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि मग ते नाटक बेळगावात आलं.

खडेबाजारात जाहिराती लागल्या. शहापुरात हलगी वाजवत माणूस फिरला. आक्का ती दवंडी ऐकून आत गेली, तडक आप्पांपुढे उभी राहिली — आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागायला. आप्पा म्हणजे कडक माणूस. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण म्हातारपणानं माणूस मऊ होतो की काय कोण जाणे. म्हणाले, "जाऊ दे तिला. आता कोन काय म्हंतंय? तू हाईस की संगट."

बघा. आप्पा हो म्हणाले. माझी बायकोही सोबत यायला तयार होती. आक्कानं पेटीतलं काळं लुगडं काढून धुतलं, घडी बसावी म्हणून गादीखाली ठेवलं. साऱ्या घरात अडवणारं कुणी नव्हतं.

मी अडवलं.

तिला त्या पुसलेल्या कुंकवापासून वाचवायचं होतं, असं मी मनाशी कितीदा घोकलं असेल! पण जिनं खरं कुंकू पुसलेलं सोसलं, तिला नाटकातलं काय जड होणार होतं? नाही. मला माझा कट्टा वाचवायचा होता. घोडा एकटाच आला असता, आणि आक्कानं वळून माझ्याकडे पाहिलं असतं. ते पाहणं मला नको होतं. तिच्या लेखी सगळी नाटकं माझ्या तोंडात होती — आणि मला ती तिथेच ठेवायची होती.

मग खरं का नाही सांगितलं? एका वाक्याचं तर काम होतं. हसून म्हणायचं, आक्का, शेवट मी बदलला होता. ती रागावलीसुद्धा नसती. उलट गूळ दिला असता.

मी काय म्हणालो ते ऐका. ती लुगड्यावरून हात फिरवत होती. मी म्हणालो, "बायकांच्या बाकावर तुझ्याशेजारी कोन सवाशीन बसंल, आक्का?"

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नव्हत्या. आप्पांशी त्यावरून भांडलोही होतो. आणि नेमकी तीच काठी मी उचलली, कारण ती लागणार हे मला ठाऊक होतं.

तिचा हात लुगड्यावर थांबला. "व्हय की," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय बघ." आणि लुगडं उचलून पेटीत ठेवायला गेली. बायकोला सांगितलं, आक्कानंच बेत मोडला. आक्कानंही तेच सांगितलं.

नाटक झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा मारुती ते पाहून तावातावानं आला — अरे, सरदार मरतोय की! त्याला दारातूनच बाहेर नेलं आणि सांगितलं, मुंबईत शेवट वेगळा करतात. त्याला पटलं, आणि बोळाला मग त्यानंच पटवलं. मुंबईचं काहीही पटतं आमच्याकडे.

गेल्या पावसाळ्यात आक्का गेली. पण मला सांगायचं आहे ते त्या नाटकाच्या दिवसाचं.

दिवेलागणीची वेळ होती. बोळातली माणसं आवरून थिएटरकडे निघाली होती, नव्या लुगड्यांची सळसळ दारावरून जात होती. आक्का रहाटाशी बसली. रुसली नव्हती; तिला रुसता येतच नसे. थोड्या वेळानं म्हणाली, "मग तूच सांग रं. तुझ्यावानी त्यास्नी तरी कुठलं जमतंय?"

कट्ट्यावर त्या संध्याकाळी कुणीच नव्हतं. मी आत, तिच्यासमोर बसलो, आणि सांगितलं. वेस सांगितली, घोडा सांगितला. घोड्यामागून सरदार आणला, लंगडत. मग ते पद म्हटलं. गळा असा लागला होता, की तसा पुन्हा कधी लागला नाही.

पद संपलं. आक्कानं डोळे पुसले, पदर तोंडाशी नेला, आणि लाजत म्हणाली, "वन्समोर."

मी पुन्हा म्हटलं.