गुळव्याच्या घरची लाल वाईन

“माझी पोर दारू गाळायला न्हाय शिकली,” असं हंबीरराव एकदा भर गुऱ्हाळात म्हणाले होते. चुलवाण धडधडत होतं, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हंबीरराव कसबा बावड्याचे गुळव्या, गूळ रांधणारे. चाळीस वर्षं उकळत्या काहिलीपुढे उभे. रसाचा पाक कधी झाला आणि कधी करपायला निघाला, हे त्यांना वाफेच्या वासावरून कळतं. मळी काढायला भेंडीचं पाणी वापरतात. रसायनांच्या पावडरी त्यांनी दारात येऊ दिल्या नाहीत. बायको तानाबाई म्हणते, “डाळीत हिंग जास्त पडला की बांधावरनं वळून बघत्यात.” थोरला भाऊ दारूपायी गेला, तेव्हापासून बाटली दिसली की ते वाट बदलतात.

त्यांची एकुलती लेक क्रांती शेतीचं शिकून इटलीला गेली. पिएमोंतेच्या एका टेकडीवर म्हातारा-म्हातारीचा लहानसा द्राक्षमळा आहे, तिथे ती कामाला लागली. घरचीच चार माणसं मिळून लाल वाईन करतात. आता म्हाताऱ्याचे गुडघे गेले. तळघर यापुढे तू सांभाळ, असं त्याने क्रांतीला म्हटलं. उत्तर द्यायच्या आधी ती आठ दिवसांसाठी घरी आली. आबा नको म्हणाले तर परत जायचं नाही, असं ती आईला सांगून बसली होती. येताना एकच बाटली आणली होती, तिने तिथे पहिल्या वर्षी तोडलेल्या द्राक्षांची.

रविवारी उचगावचे गुंडूकाका जेवायला आले. जरा वारं लागावं म्हणून क्रांतीने सकाळीच बाटलीचं बूच काढून ठेवलं होतं.

“उघडीच ठेवलीया! उडून जाईल की समदी,” म्हणत काकांनी ती स्टीलच्या ग्लासांत ओतली, वर बर्फ टाकला आणि सोडा फोडला. क्रांती भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच दारात आली.

“काका!”

“अगं, तुरट हाय जरा. सोड्यानं गिळवतीया तरी. तुझ्या म्हाताऱ्याला सांग, साखर कमी पडली.”

तिचे डोळे भरले. कॉटवरून हंबीरराव उठले.

“गुंड्या, काहिलीत बर्फ टाकतोस व्हय रं?”

“दारूच हाय की दादा ती.”

“गप.”

बाटलीच्या तळाशी चार घोट उरले होते, गाळासकट. हंबीररावांनी बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“वाळलेला गुलाब,” ते म्हणाले. “मागनं डांबरागत कायतरी. फळ उशिरा तोडलंया?”

“व्हय आबा. ऑक्टोबर सरताना, धुक्यात. सगळ्यांची तोडणी झालती. म्हातारा रोज म्हणायचा, अजून थांब.”

“आन् थांबलीस?”

“थांबले की. मग चार वर्षं लाकडाच्या पिंपात.”

“रंग घातला?”

“न्हाय आबा.”

उरलेली वाईन त्यांनी वाटीत ओतली. स्वतः ओठाला लावली नाही. वाटी क्रांतीपुढे सरकवली आणि ती पिईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

मग मोरीत जाऊन बाटली गरम पाण्याने तीनदा खंगाळली. नीट निथळू दिली, फडक्याने पुसली. फडताळातला काकवीचा डबा काढला. नरसाळ्याने बाटली गळ्यापर्यंत भरली आणि बूच तळव्याने दाबलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत धाडत नाहीत.

क्रांतीची बॅग कोपऱ्यात उघडी पडली होती. हंबीररावांनी बाटली तिच्या लोकरी कोटात गुंडाळून मधोमध ठेवली.

“अवो, म्हंजे जाऊ दे म्हणताय का तिला?” तानाबाईने विचारलं.

त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि गुऱ्हाळाकडे निघाले.