टोकावड्याला राहिलेली पँट

मी तेव्हा शहापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो. टोकावड्याला मुलगी बघायला जायचं ठरलं आणि माझा आतेभाऊ एक पँट घेऊन आला. तो भिवंडीला एक्सपोर्टचे कपडे शिवणाऱ्यांकडे कामाला होता. पँट लिननची, राखाडी, चांगली ढगळ. पुढे दोन मोठ्या चुण्या, कमरेला बांधायचा पट्टा आणि लांबी घोट्याच्या चार बोटं वरच संपलेली.

"जपानी डिझाइन हाय रे," तो म्हणाला. "मुलगी बघतच राहील."

मी आणि मामा मुरबाडला गाडी बदलून टोकावड्याला उतरलो, तोवर पँटीचा पार चोळामोळा झाला होता. मुलीच्या आईने मला नखशिखांत न्याहाळलं.

"पावने, काढून द्या ती. इस्त्री मारून देते."

मी नको नको म्हणत राहिलो, पण मामाने डोळे वटारले. शेवटी मुलीच्या वडिलांची चौकड्याची लुंगी नेसून, वर कडक कॉलरचा शर्ट आणि पायात मोजे अशा थाटात मी खुर्चीवर बसलो. आत एक पाय इस्त्री होतो न होतो तोच लोडशेडिंग सुरू झालं.

मुलगी चहा घेऊन आली. खांद्यावर माझी पँट होती.

"हे लिनन हाय," ती आईला म्हणाली. "याला सुरकुत्या पडायच्याच. तशीच घालतात."

मुरबाडला शिवणक्लास केलेला होता तिने. ट्रे खाली ठेवून तिने पँट उलटी केली आणि आतली शिलाई आम्हा सगळ्यांना दाखवली. मामाने स्वयंपाकाबद्दल विचारलं, तर "येतो" एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"हा पट्टा कसा बसवलाय ते बघायचंय. उसवली तर चालेल? परत शिवून देईन."

इतकं मन लावून माझ्या कुठल्याच गोष्टीकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणून बसलो. परतीची गाडी लगेच होती, त्यामुळे लुंगीतच निघालो. कंडक्टरने तिकीट देताना दोनदा मोज्यांकडे पाहिलं. मामा मुद्दाम पुढच्या सीटवर जाऊन बसला.

आठ दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला.

"मुलीला पसंत हाय."

मला इतका आनंद झाला, की भलतंच विचारून बसलो, "आणि पँट?"

"ती होय? तिनं तसलीच मला शिवून दिली. भेंडी तोडताना पायाला खाजच सुटत नाय. पण धुतल्यावर तुमची कुठली नि माझी कुठली, कळंना झालंय."

"ठेवा दोन्ही," मी म्हटलं.

शेजारी उभ्या आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि साखरपुड्याचं बोलायला लागली.